दात्यांनो, वही उघडा

प्रति,
नवी मुंबईत अनुदाने देणाऱ्या न्यासांचे विश्वस्त
आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांचे सीएसआर प्रमुख यांस,

विषय : स्थानिक संस्थांना आजवर दिलेल्या अनुदानांचा इतिहास जाहीर करण्याबाबत



मी नवी मुंबईतल्या काही लहान संस्थांचे हिशेब लिहितो. दोन खोल्यांत चालणारी अभ्यासिका, वस्तीतले पाळणाघर, विशेष मुलांच्या पालकांनीच पदरमोड करून काढलेली कार्यशाळा, अशा या संस्था आहेत. त्यांना आपण पैसे देता. ते वेळेवर आले तर मुलांचे वर्ष त्यावर निघते, आणि त्याचे मोल संस्थाचालक जाणतात. जाणतात म्हणूनच ते गप्प राहतात. ज्याच्या दारात पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज घेऊन उभे राहायचे आहे, त्याला खोट कोण काढून दाखवणार? मी कुणाचे अनुदान घेत नाही आणि या कामाचा पगारही घेत नाही. त्यामुळे ही मंडळी आपापसात जे बोलतात, ते आपल्या कानावर घालायला मी मोकळा आहे.

सगळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. या शहरात दान आहे, पण दानाचा इतिहास नाही. कोणत्या संस्थेला कोणत्या साली किती मिळाले, कशासाठी मिळाले, किती वर्षे मिळाले आणि बंद झाल्यावर त्या कामाचे काय झाले, हे नागरिकाला एका जागी वाचायला मिळत नाही. परिणामी बदलून आलेला प्रत्येक सीएसआर अधिकारी शून्यापासून सुरुवात करतो. आधीच्याने काय करून पाहिले आणि ते का फसले, हे सांगायला कुणी नसते. तो पुन्हा त्याच चार नावाजलेल्या संस्थांना फोन करतो, पुन्हा संगणकच देतो, पुन्हा दप्तरेच वाटतो.

नोंद ठेवणे ही आजकालची परदेशी फॅशन आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी नाशिकची पांडवलेणी पाहावीत. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीच न मोडायची ठेव, ठेवली. ती गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, दिली : एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहिलेल्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यायची. गणित करून पाहा, वर्षाचे २४० बरोबर भरतात. हा व्यवहार निगमसभेत ऐकवला आणि दप्तरी नोंदवला, हेही लेखात सांगितले आहे. दाता कोण, रक्कम किती, ठेवली कुणाकडे, दर काय, कुणासाठी आणि किती काळ, असे सगळे रकाने त्या खडकावर भरलेले आहेत. आपण उद्घाटनाला जी पितळी पाटी लावतो, तिच्यावर यातला पहिलाच रकाना असतो.

लोकांच्या पैशातून समाजाचा निधी उभारण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंडाची कल्पना महाराष्ट्रभर फिरवली, टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ मध्ये तळेगावला त्या निधीतून काचेचा कारखाना निघाला. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करणारा मुष्टिफंड उभा राहिला. त्याच संस्थेचे महाविद्यालय आज आपल्या वाशीत आहे. एक पैसा किंवा मूठभर ज्वारी देणारी बाईही त्या कामाची भागीदार होती आणि तिला विचारायचा हक्क होता : माझ्या मुठीचे काय केलेत?

अमेरिकेत याच गोष्टीला वेगळे रूप मिळाले. क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने १९१४ मध्ये तिथली कम्युनिटी फाउंडेशन सुरू केली. त्याच्यापुढचा प्रश्न व्यवहारी होता. श्रीमंत माणसे मृत्युपत्रात एखाद्या कामासाठी पैसे बांधून जात, पन्नास वर्षांनी त्या कामाची गरजच उरलेली नसे, आणि पैसा मात्र कुणाला हात लावता येऊ नये असा अडकून पडे. गॉफने सुचवले की अशा सगळ्या ठेवी शहराच्या एका सामायिक निधीत याव्यात, मुद्दल बँकेने सांभाळावे, आणि उत्पन्न कुणाला द्यायचे हे नागरिकांच्या समितीने ठरवावे. त्या समितीतले काही सदस्य महापौर आणि न्यायाधीश नेमत असत. मोठी अनुदाने वाटण्याआधी या फाउंडेशनने शहर समजून घेण्यावर खर्च केला. १९१५-१६ मध्ये शाळांची पाहणी झाली, १९२२ मध्ये शहरातल्या फौजदारी न्यायव्यवस्थेवरचा अहवाल आला. पैसा कुठे द्यायचा हे ठरवण्याआधी दुखते कुठे ते पाहिले.

ही पद्धत खाडीच्या पलीकडे पोचायला १९९१ साल उजाडले. सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी या संस्थेच्या पुढाकाराने बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्टची स्थापना झाली. भारतातली पहिली कम्युनिटी फाउंडेशन म्हणून तिची नोंद घेतली जाते. मुंबईकरांचा पैसा मुंबईतल्या लहान संस्थांपर्यंत पोचवायचा, असा तिचा सरळ हेतू होता. त्यानंतर जेमतेम काही महिन्यांत, १ जानेवारी १९९२ रोजी, आपली नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. शहर आणि ही कल्पना, दोन्ही एकाच वयाची आहेत. तीस वर्षे उलटून गेल्यावर तरी शहराने आपल्या दानाकडे एकत्र पाहायला हवे.

आता एकेक तक्रार मांडतो.

पहिली तक्रार नोंदीची. आपल्यापैकी जे सार्वजनिक न्यास आहेत, त्यांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालच्या अनुसूची नऊमध्ये न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च पाच ओळींत दाखवायचा असतो : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्यनिवारण आणि इतर धर्मादाय उद्दिष्टे. दिघ्यातल्या रात्रशाळेला दिलेले पन्नास हजार आणि एखाद्या नामवंत विद्यालयाच्या सभागृहाला दिलेले पन्नास लाख एकाच ओळीत विरघळतात. कायदा पाळला गेला, पण कुणाला दिले ते वाचणाऱ्याला कळले नाही.

कंपन्यांचे तर आणखी अवघड. २०२१ च्या नियमांप्रमाणे संचालक मंडळाच्या अहवालाला जो सीएसआर तक्ता जोडायचा, त्यात प्रत्येक प्रकल्पाचे नाव, राज्य, जिल्हा, तो स्थानिक भागात आहे की नाही, रक्कम आणि काम करणाऱ्या संस्थेचे नाव लिहावे लागे. २०२२ मध्ये नमुना बदलला आणि त्या जागी एकूण रक्कम पुरेशी झाली. मंजूर प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर ठेवण्याचे बंधन अजून आहे, पण ती किती तपशिलात द्यायची हे कंपनीच्या मनावर. त्यात आपल्या शहराची अडचण वेगळीच. सरकारी आकडेवारी जिल्ह्यानुसार मांडली जाते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे रायगडमध्ये. सिडकोने १९७० पासून जे एक शहर म्हणून आखले, ते दानाच्या आकडेवारीत शहर म्हणून दिसतच नाही. ठाण्याच्या आकड्यात भिवंडी आणि कल्याण मिसळलेले, रायगडच्या आकड्यात रोहा आणि महाड. शहरापुरता आकडा हवा असेल तर तो ज्यांनी पैसे दिले त्यांच्याकडूनच मिळू शकतो, म्हणजे आपल्याकडून.

दुसरी तक्रार वर्षभराच्या कराराची. अनुदान एप्रिलमध्ये जाहीर होते, करार जुलैत होतो, पहिला हप्ता सप्टेंबरात येतो आणि फेब्रुवारीत ‘परिणाम’ विचारले जातात. सहा महिन्यांत मुलगी पाचवीतून सहावीतही जात नाही. ‘आमच्या नियमात एका वर्षाचेच बसते’, असे उत्तर संस्थांना मिळते. नियम असे म्हणत नाहीत. सीएसआर नियमांत चालू प्रकल्पाची व्याख्याच आहे : सुरू झाल्याचे आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षेपर्यंत तो चालू शकतो. त्या वर्षात खर्च न झालेली चालू प्रकल्पाची रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून नंतर वापरण्याची सोयही कायद्याने दिली आहे. एवढी मुभा असताना एका वर्षाचा करार हा कंपनीचा स्वतःचा निर्णय ठरतो, आणि तो निर्णय आहे असेच संस्थेला सांगावे. जे न्यास आहेत, त्यांच्यावर तर असे बंधन मुळातच नाही.

अनुदान थांबवण्याचीही रीत असते. तीन वर्षे चाललेले पाळणाघर चौथ्या वर्षी एका ईमेलने बंद होते, कारण कंपनीचे ‘प्राधान्यक्षेत्र’ शिक्षणावरून पर्यावरणाकडे सरकलेले असते. ज्या बाया मुलाला तिथे सोडून एमआयडीसीत पॅकिंगला जात होत्या, त्यांचे प्राधान्यक्षेत्र मात्र बदललेले नसते. संस्थेला वर्षभर आधी कळले असते तर तिने दुसरा दाता शोधला असता.

तिसरी तक्रार पगाराची. वस्तूंना पैसा मिळतो, माणसांना मिळत नाही. संगणक मिळतात, ते शिकवणाऱ्या मुलीचा पगार मिळत नाही. शिलाई यंत्रे येतात, खोलीचे भाडे आणि विजेचे बिल येत नाही. मला माहीत असलेल्या एका अभ्यासिकेत भेट मिळालेले संगणक खोक्यातच राहिले, कारण ते चालवायला ठेवलेल्या शिक्षिकेचे मानधन ‘प्रशासकीय खर्चात मोडते’ म्हणून नाकारले गेले. पाच टक्क्यांची मर्यादा दाखवून हे नेहमी सांगितले जाते. नियम जरा नीट वाचावा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनासाठी आहे. प्रकल्पाच्या आखणीवर, अंमलबजावणीवर आणि देखरेखीवर थेट होणारा खर्च त्यातून स्पष्ट वगळला आहे. मुलांना शिकवणाऱ्या बाईचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. नियमाचा असा उलटा अर्थ लावून कितीतरी तरुण कार्यकर्त्यांना आपण या कामातून बाहेर काढले आहे. ते आता महापेच्या कॉल सेंटरमध्ये आहेत आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

चौथी तक्रार नकाशाची. कंपनी कायद्याचे कलम १३५ सांगते की कंपनीने आपण काम करतो त्या भागाला आणि त्याच्या आसपासच्या परिसराला पसंती द्यावी. हे सक्तीचे नाही हे मला ठाऊक आहे. तरी ज्या कंपनीचे फाटक रबाळ्यात आहे, तिचा ‘आसपासचा परिसर’ कुठे असतो? रस्त्यापलीकडची चिंचपाडा आणि यादवनगरची वस्ती, इलठणपाडा, डोंगराच्या पायथ्याच्या जुन्या दगडखाणींची ठिकाणे, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर. आपण भेट द्यायला येता तेव्हा गाडी वाशी, नेरूळ, सीवूड्सकडे वळते. तिथल्या संस्थांना कार्यालय आहे, इंग्रजीत छान सादरीकरण करणारी माणसे आहेत, पाहुण्यांना बसवायला खुर्च्या आहेत. त्या चांगल्याही आहेत. पण आपण आपली दहा वर्षांची अनुदाने एकदा शहराच्या नकाशावर टाचणीने लावून पाहा. टाचण्या हार्बर मार्गाच्या स्थानकांभोवती दाटतील आणि डोंगराकडचा भाग मोकळा राहील, असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. पण तो चुकला हे सिद्ध करायलाही यादी लागेल, आणि ती आपल्याकडेच आहे.

पाचवी तक्रार मार्चची. जानेवारीपर्यंत शांत असलेले फोन मार्चमध्ये खणखणू लागतात. ‘एकतीसच्या आत खर्च दाखवायचा आहे, काय देऊ शकता?’ कायद्यात यासाठीही वाट ठेवलेली आहे, हे वर सांगितले. तरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पाण्याचे फिल्टर, सौरदिवे आणि स्कूलबॅगा येतात, आणि त्या कुणी मागितल्या होत्या हे विचारायला वेळ नसतो. पाठोपाठ कागद येतात. प्रत्येक दात्याचा अर्जाचा नमुना वेगळा, अहवालाचा नमुना वेगळा, फोटोंची संख्या वेगळी. न्यासाची नोंदणी, १२ए, ८०जी, सीएसआर-१, तीन वर्षांचे ताळेबंद आणि विश्वस्तांची ओळखपत्रे, हे सगळे प्रत्येक ठिकाणी नव्याने. तीन माणसांच्या संस्थेत एक माणूस वर्षभर फक्त हेच करतो. लहान मुलांचे चेहरे फलकासमोर उभे करून काढायच्या फोटोंबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल. इथे एवढेच, की भीक घातल्यासारखा फोटो कुणालाच शोभत नाही, देणाऱ्याला तर मुळीच नाही.

सहावी आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर तक्रार : ठरवतो कोण? ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी अधिसूचित झाल्या. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के भूखंडांची योजना त्या रक्तातून आली. आज आपली कार्यालये ज्या जमिनीवर आहेत, तिच्या मूळ मालकांच्या नातवंडांना आपल्या अनुदान समितीत जागा आहे का? एपीएमसीतल्या माथाडी कामगाराला, दिवाळे-करावेच्या कोळी बायकांना, घरकाम करणाऱ्या संघटनेतल्या बाईला? क्लीव्हलँडच्या बँकरला १९१४ मध्ये सुचले होते की पैसा ज्याच्याकडे आहे तो आणि पैसा वाटतो तो एकच असू नये. आपल्याकडच्या समित्यांत अजून एकाच मजल्यावरची माणसे बसतात.

आता आपली बाजू. ती मला माहीत नाही असे नाही, आणि ती खोटीही नाही. विदेशी अंशदान (विनियमन) कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्यास मनाई केली, त्यामुळे मोठ्या संस्थेने परदेशातून आणून लहानांना वाटण्याचा रस्ता बंद झाला. २०२३ च्या वित्त कायद्यानंतर एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरला जातो. म्हणजे जो न्यास स्वतः शाळा चालवतो त्याच्यापेक्षा जो न्यास दहा शाळांना मदत करतो त्याच्यावर भार जास्त. कम्युनिटी फाउंडेशनच्या कामाचा कणाच लहानांना वाटणे हा असताना हे दोन्ही बदल तिच्या मुळावर येतात. या अन्यायाविरुद्ध आपण आवाज उठवलात तर लहान संस्था आपल्यामागे उभ्या राहतील. शिवाय खोट्या संस्था असतात, खोटी बिले असतात, हेही मी हिशेबनीस म्हणून कबूल करतो. पण खोटेपणावर सगळ्यांत स्वस्त उपाय उघडी यादी हाच आहे. एकाच शिबिरासाठी एकाच संस्थेने तीन दात्यांकडून पैसे घेतले असतील, तर यादी जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते शेजाऱ्यांच्या लक्षात येईल. आज ते कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण तिन्ही वह्या बंद आहेत.

म्हणून या पत्रातून सात विनंत्या करतो.

१. गेल्या दहा वर्षांतल्या नवी मुंबई आणि पनवेल परिसरातल्या सगळ्या अनुदानांची यादी मराठीत प्रसिद्ध करावी. संस्थेचे नाव, वस्ती किंवा प्रभाग, वर्ष, रक्कम, कारण आणि मुदत एवढे रकाने पुरेत. लाभार्थी व्यक्तींची नावे त्यात येऊ नयेत.

२. बंद झालेल्या अनुदानांपुढे बंद होण्याचे कारण एका वाक्यात लिहावे. ‘आमचे धोरण बदलले’ हेही कारण चालेल. फसलेले प्रयोग लपवू नयेत, कारण पुढच्या दात्याला त्यातूनच सर्वांत जास्त शिकायला मिळेल.

३. निदान निम्मी अनुदाने तीन वर्षांची असावीत, आणि थांबवायचे असेल तर एक पूर्ण शैक्षणिक वर्ष आधी कळवावे.

४. पगार, भाडे, वीज आणि लेखापरीक्षण यांना प्रत्येक अनुदानात मोकळेपणाने जागा द्यावी.

५. आपण सर्वांनी मिळून एकच अर्ज आणि एकच अहवाल-नमुना ठरवावा. नोंदणीचे कागद एकदाच तपासून एका जागी ठेवावेत आणि सर्वांनी ते मान्य करावेत.

६. प्रत्येक अनुदान समितीत निदान दोन जागा वस्तीतल्या, गावठाणातल्या किंवा कामगार संघटनेतल्या माणसांना द्याव्यात, आणि बैठक त्यांच्या वेळेला व मराठीत घ्यावी.

७. न्यासांनी आपल्या वार्षिक अनुदानातला एक ठरावीक वाटा शहराच्या सामायिक ठेवीत टाकायला सुरुवात करावी. मुद्दल मोडायचे नाही, व्याज शहरातच खर्च करायचे आणि त्याचा हिशेब दर वर्षी जाहीर सभेत वाचून दाखवायचा. कंपन्यांचे सीएसआर या ठेवीत बसत नसेल, तर त्यांनी यादी आणि अर्जाच्या कामाचा खर्च उचलावा.

यातली पहिली विनंती मान्य करायला कायदा बदलावा लागत नाही, सरकारची परवानगी लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही. माहिती आपल्या कपाटात आहे, आपल्या लेखापालाच्या संगणकात आहे. ती मांडायला एक उत्साही विद्यार्थी आणि उन्हाळ्याची सुट्टी पुरेल. सर्वांनी एकदम यायची वाट पाहू नये. एका न्यासाने आपली वही उघडली की दुसऱ्याला मागे राहणे जड जाईल. यादी छापील स्वरूपात महापालिकेच्या वाचनालयांत ठेवावी, म्हणजे ज्यांच्या नावाने हा पैसा निघतो त्यांनाही ती वाचता येईल. कोष्टक तपासायला आणि संस्थांकडून खातरजमा करून द्यायला आम्ही काही हिशेबनीस विनामोबदला तयार आहोत.

येत्या आर्थिक वर्षाचे अर्ज मागवण्याआधी मागच्या दहा वर्षांची यादी बाहेर यावी, एवढी एक मुदत मी सुचवतो. ज्या न्यासाची यादी आली नसेल, त्याच्याकडे अर्ज करताना संस्थांनी अर्जासोबतच ती मागावी, असे मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक संस्थेला सांगणार आहे. हिशेब मागणारी आता संस्थाही असेल आणि आपणही असाल. दोघांनी एकमेकांना हिशेब दिला तर त्यात कुणाचाच मान कमी होत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
लहान संस्थांचा एक हिशेबनीस
नेरूळ, नवी मुंबई